मालिका चालू आहे तोवरच ऐका

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात ज्या घरातलं कुणी सध्या मालिकेत काम करतंय, त्या घरासाठी हे लिहिते आहे. मग मुख्य भूमिका असो, नायिकेची नणंद असो, नाहीतर आठवड्यातून दोन दिवस दिसणारा शेजारचा काका असो. ज्यांची मालिका नुकतीच संपली आहे त्यांच्यासाठीही हे आहे, पण त्यांच्याशी बोलायला थोडा उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांचं चालू आहे त्यांना आधी सांगते. तुमची मालिका संपणार आहे. कधी, ते चॅनेल ठरवेल आणि तुम्हाला कळेल तेव्हा शेवटचे थोडेच आठवडे हातात असतील. पुढची सोय आज करायची आहे, उद्याचा कॉल टाइम फोनवर येतोय तोवर.

आपल्या भागाला काम बंद पडणं नवीन नाही. अंबरनाथमध्ये विम्को नाका अजून आहे, पण काड्यापेट्यांची विम्को राहिली नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यातली किती घरं बसली, ते पाच नंबर कॅम्पातल्या कुणालाही विचारा. पण कारखान्यातल्या कायम कामगाराला निदान पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती, भांडायला युनियन होती. मालिकेत पाच-सहा वर्षं रोज बारा तास उभं राहिलेल्या कलाकाराला यातलं काहीच मिळत नाही. कागदावर तो नोकर नसतोच. दिवसाचे पैसे ठरलेले, आणि जितके दिवस शूट तितकेच पैसे. तुमच्या पात्राचा ट्रॅक महिनाभर बाजूला ठेवला की तो महिना कोरडा. शेवटच्या दिवशी सेटवर केक कापतात, सगळे गळ्यात पडून रडतात, ग्रुप फोटो होतो. साड्या आणि खोटे दागिने कॉस्च्युमच्या ट्रंकेत परत जातात आणि तुम्ही घरी येता.

खरी फसगत यानंतर होते, आणि ती पैशाच्या चालीमुळे होते. घरातल्या सगळ्यांनी हे नीट समजून घ्यावं. या धंद्यात कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. समजा, दिवसाचे ६,००० रुपये ठरले आहेत आणि महिन्यात १८ दिवस शूट होतं. म्हणजे १,०८,००० रुपये. त्यातून १० टक्के टीडीएस म्हणजे १०,८०० कापले जातात आणि ९७,२०० हातात येतात. कोऑर्डिनेटर असेल तर त्याचं कमिशन वेगळं. आता मालिका ३० जूनला संपली असं धरा. एप्रिलचे पैसे जुलैअखेर येतात, मेचे ऑगस्टमध्ये, जूनचे सप्टेंबरमध्ये. काम थांबलेलं असतं, पण खात्यात दर महिन्याला रक्कम पडत राहते. घर त्याच चालीने चालतं. गणपतीत पाहुणे येतात, गाडीचा हप्ता जातो, कुणाच्या लग्नात आहेर होतो. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा काहीच येत नाही. दिवाळी तोंडावर असते आणि तोवर कुणी खर्चाला हात लावलेला नसतो. नवं काम त्या दिवशी मिळालं, तरी त्याचे पैसे यायला आणखी तीन महिने लागणार. एका महिन्याचा वाटणारा खड्डा अशा रीतीने तीन-चार महिन्यांचा होतो.

म्हणून मालिका संपल्याच्या दिवशीच घरखर्च निम्म्यावर आणा. पैसे येताहेत म्हणून थांबू नका. आणि मालिका चालू असताना, पहिला चेक हातात पडल्यापासून, महिन्याच्या रकमेतला निम्मा भाग दुसऱ्या खात्यात टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. वर्षभराचा घरखर्च तिथे साठेपर्यंत नवी गाडी नको, नवं घर नको, मोठा हप्ता तर नकोच. बदलापुरात कात्रप, बेलवली, मांजर्ली या भागांत टॉवर उभे राहताहेत, आणि मालिकेत दिसणारा चेहरा पाहिला की बिल्डरच्या ऑफिसातली माणसं उठून खुर्ची देतात. पण वीस वर्षांचं कर्ज कुठल्या मिळकतीवर घेताय याचा विचार करा. जी मालिका पुढच्या वर्षी असेल की नाही हे तिच्या निर्मात्यालाही ठाऊक नाही, तिच्यावर वीस वर्षांचा शब्द देता येत नाही.

टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, असा आणखी एक गैरसमज घराघरांत असतो. तसं नसतं. रिटर्न भरायचंच असतं आणि वरचा कर निघाला तर तोही भरायचा असतो. वर्षाची मिळकत २० लाखांवर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. यासाठी ओळखीच्या भावजींवर अवलंबून राहू नका, एखादा नीट हिशेबनीस गाठा. काम बंद झाल्यावर मागच्या दोन वर्षांच्या करापोटी नोटीस आली, तर तिचा ताप दुप्पट असतो. आणि एक साधी वही ठेवा. तारीख, सेटवर पोचल्याची वेळ, पॅकअपची वेळ, कुठलं लोकेशन. दर महिन्याचं बिल त्याच महिन्यात लेखी पाठवा. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा झाला हे दिसतं, ते तीन महिन्यांतून एकदा तपासा. कापलेला पैसा तिथे दिसत नसेल तर लगेच विचारा.

हे बजावून सांगते, कारण शेवटच्या काही महिन्यांचे पैसेच सगळ्यात जास्त अडकतात. मालिका चालू असताना निर्मात्याला तुमची गरज असते, संपल्यावर नसते. २०२१ मध्ये शशांक केतकर, मृणाल दुसानिस यांच्यासारख्या नावाजलेल्या कलाकारांना संपलेल्या मालिकेच्या थकलेल्या मानधनासाठी जाहीरपणे बोलावं लागलं होतं. त्यांचं नाव होतं म्हणून बातमी तरी झाली. आपल्याकडून कर्जत लोकलने जाऊन दोन-दोन सीन करणाऱ्या मुलाची बातमी होत नाही. त्याच्याकडे वही आणि बिलंच असायला हवीत. १९५८ पासून चालत आलेल्या सिंटासारख्या कलाकार संघटनेचं सभासदत्व काम चालू असतानाच घ्या. भांडण उभं राहिल्यावर धावत गेलात तर उशीर होतो.

आता पैशापलीकडचं. मालिका जितकी लोकप्रिय, तितकं पुढचं काम अवघड होतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. पण रोज रात्री आठ वाजता चार वर्षं एकच चेहरा एकाच नावाने घरात येत असेल, तर पुढचा दिग्दर्शक त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायला कचरतो. शिवाजी साटम बघा. बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं केलेला, मुरलेला नट. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं ‘सीआयडी’ चालली आणि एसीपी प्रद्युम्न हे नाव देशभर झालं. मालिका थांबल्यावर काही वर्षांनी त्यांनी मुलाखतीत स्वच्छ सांगितलं की फारशी कामं येत नाहीत, आणि येतात ती पुन्हा पोलिसाचीच. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सीआयडी’च परत आली आणि ते पुन्हा त्याच भूमिकेत उभे राहिले. इतक्या मोठ्या नटाची ही कथा. त्यामुळे तुमच्या मुलीला मालिकेनंतर आठ महिने कुणी बोलावलं नाही, तर तिच्यात काही कमी आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. तिच्यासमोर तर तसं बोलूच नका.

आपल्याच लाइनवरचं उदाहरण जुई गडकरी यांचं आहे. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी आणि मग त्यांचं कर्जत. ‘पुढचं पाऊल’ २०११ ते २०१७ चाललं आणि त्यातली त्यांची कल्याणी घराघरांत पोचली. त्यानंतर ‘बिग बॉस मराठी’चं पहिलं पर्व झालं, ‘वर्तुळ’सारखं काम झालं. पण तशी मोठी, रोजची, आपली म्हणावी अशी मालिका मिळाली ती ‘ठरलं तर मग’, ५ डिसेंबर २०२२ ला. मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळातल्या आजारपणाबद्दल आणि रिकामेपणाबद्दल त्या स्वतः मुलाखतींतून बोलल्या आहेत. आज ती मालिका टीआरपीत वर असते म्हणून ही यशाची गोष्ट वाटते. पण २०१९ किंवा २०२० मध्ये, मधल्या वर्षांत, पुढे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ती वर्षं निभावता येणं, हेच या व्यवसायातलं निम्मं काम आहे. डोंबिवलीच्या तेजश्री प्रधान यांची ‘होणार सून मी ह्या घरची’ जानेवारी २०१६ मध्ये संपली आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ आली २०१९ च्या जुलैमध्ये. पहिल्या मालिकेतल्या जान्हवीसारखी गाजलेली नायिका, तरी रोजच्या मालिकेत परतायला साडेतीन वर्षं. मध्ये त्यांनी सिनेमा केला, नाटक केलं.

नाटकावर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या भागातली बहुतेक मुलं एकांकिकांमधूनच पुढे जातात आणि मालिका मिळाली की नाटक पहिल्यांदा सोडतात. तारखा नसतात, थकवा असतो, हे खरं आहे. तरी सोडू नका. कविता लाड-मेढेकर यांचं उदाहरण यासाठी देते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी सासू आणि कविताताई सून. असा शिक्का बसल्यावर दुसरी कुणी तिथेच अडकली असती. पण त्यांच्यामागे ‘एका लग्नाची गोष्ट’चे प्रयोग होते, प्रशांत दामल्यांसोबतचे. २०१८ मध्ये त्याच जोडीने ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आणलं. आणि २०२३ मध्ये ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये त्या भुवनेश्वरी झाल्या, करारी आणि कपटी सासू. सोशिक सुनेपासून इथवर येताना त्यांच्याजवळ रंगमंच होता. नाटकात नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती मालिकेच्या मानाने थोडी असेल, पण तिथे दर प्रयोगाला समोरचा माणूस तुम्हाला नव्याने बघतो. कल्याणचं अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, ठाण्याचं गडकरी रंगायतन ही आपल्याला लोकलने पोचता येण्याजोगी ठिकाणं आहेत. महिन्यातून दोन प्रयोग, निदान एक तालीम, काहीतरी धरून ठेवा. डबिंग शिका. ऑडिओबुकचं वाचन शिका. मे महिन्यात मुलांची शिबिरं घ्या. मधुराणी प्रभुलकर ‘आई कुठे काय करते’च्या पाच वर्षांत घराघरांतली अरुंधती झाल्या, पण ‘कवितेचं पान’ आणि अभिनय शिकवण्याचं काम हेही त्यांचं स्वतःचं होतं. ते कुठल्या चॅनेलच्या मर्जीवर नव्हतं.

दुसरी भूमिका, चरित्र भूमिका, आईची भूमिका घ्यायला लाजू नका. ‘लीड केलंय, आता कॅरेक्टर रोल कशी करू’ या एका वाक्याने मी चांगली मुलं दोन-दोन वर्षं घरी बसलेली पाहिली आहेत. ऑडिशन द्यायला, सेल्फ टेप पाठवायलाही लाजू नका. तुमचा जुना दबदबा नव्या कास्टिंगवाल्याला ठाऊक नसतो. तो पंचवीस वर्षांचा असतो आणि मालिका बघत नाही.

करार करताना एक कलम शोधून वाचा. दुसऱ्या चॅनेलवर, दुसऱ्या माध्यमात काम करण्याची बंदी किती काळाची आहे? मालिका चालू असतानाची बंदी समजू शकते. मालिका संपल्यावरही काही महिने हात बांधलेले असतील तर त्याचे पैसे मागा, नाहीतर ते कलम काढायला सांगा. सुरुवातीला कुणी ऐकणार नाही, पण विचारून ठेवा. महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे नक्की, हेही लिहून घ्या.

राहण्याचा प्रश्न इथे सगळ्यांनाच पडतो. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर, आणि सेट असतात घोडबंदरला, मीरा रोडला, मढला, गोरेगावच्या फिल्मसिटीत. रात्री दहाला पॅकअप झालं तर घर गाठायला मध्यरात्र उलटते आणि सकाळी सातचा कॉल. त्यामुळे ठाण्यात किंवा मीरा रोडला भाड्याने राहणं भाग पडतं, त्यात चूक नाही. पण अकरा महिन्यांच्या करारात एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल असं लिहून घ्या. आणि अंबरनाथ-बदलापूरचं आई-वडिलांचं घर विकून पुढे सरकू नका. काम थांबलं की परत येण्याची जागा आहे, हा आपल्या मुलांचा आधार आहे. परगावाहून आलेल्या मुलांना तो नसतो.

लहान मुलं मालिकेत असतील तर त्या आई-बाबांना वेगळं सांगायचं आहे. कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. त्याच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जायला हवा. हे विचारायला संकोचू नका, तुमच्या मुलाला काढून टाकतील म्हणून घाबरू नका. मूल वर्षभरात उंच होतं, आवाज बदलतो, आणि मालिका त्याच्याशिवाय पुढे जाते. त्याच्या शाळेतली जागा तेवढी जपा.

आणि जी मुलं अजून आत शिरायच्या प्रयत्नात आहेत त्यांना एकच सांगते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. भूमिका पक्की आहे, फक्त नोंदणीचे अमुक हजार भरा, असं जो म्हणेल त्याच्या दारातून उठून या.

मालिका संपलेल्या माणसाच्या घरच्यांनो, त्याला सकाळी उठायला कारण द्या. दिवसाचा कॉल टाइम गेला की दिवसाचा आकारच जातो. व्यायाम, वाचन, भाजी आणणं, मुलाला शाळेत सोडणं, काहीही चालेल, पण वेळेवर. रात्री जागून फोनवर जुने सीन बघत बसणं वाढलं, जेवण सुटलं, माणसं नकोशी झाली, तर आमचा मुलगा जरा हळवा आहे म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. वयाने मोठे, कायम छोट्या भूमिका केलेले कलाकार घरात असतील, तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेची चौकशी करा. पन्नाशी ओलांडलेल्या, मिळकत कमी असलेल्या कलाकारांना तिच्यातून दरमहा ५,००० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण औषधं सुटतात.

उरले आपण बाकीचे. सोसायटीच्या जिन्यात, प्लॅटफॉर्मवर, लग्नात भेटल्यावर पहिला प्रश्न ‘सध्या काय चालू आहे?’ हाच असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला तो दिवसातून चार वेळा ऐकावा लागतो आणि मग तो घराबाहेर पडणंच टाळतो. हा प्रश्न सोडून द्या. क्रिकेटचं बोला, त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचारा.

आणि मंडळांनो, महिला मंडळांनो, शाळांनो, तुमच्या हातात याहून जास्त आहे. मालिका गाजत असताना तुम्ही दहीहंडीला, हळदीकुंकवाला, स्नेहसंमेलनाला त्या कलाकाराला बोलावता आणि ‘आपल्याच गावचा आहे’ म्हणून नारळ आणि शाल देऊन पाठवता. मालिका संपल्यावर बोलावतच नाही. हे उलटं करा. यंदा एकांकिका स्पर्धेला परीक्षक हवा असेल, गणपतीत निवेदक हवा असेल, मुलांचं नाटक बसवून घ्यायचं असेल, तर जिची मालिका गेल्या वर्षी संपली तिला बोलवा. मानधन किती ते आधी फोनवर मोकळेपणाने ठरवा, जाण्या-येण्याचा खर्च त्यात धरू नका, आणि रक्कम त्याच दिवशी कार्यक्रमाच्या आधी तिच्या खात्यावर भरा. फ्लेक्स छापताना मालिकेतल्या पात्राचं नाव टाकू नका. हार्दिक जोशींना आजही लोक त्यांच्या मालिकेतल्या नावाने, राणादा म्हणून, हाक मारतात, ते प्रेम आहे, पण तुमच्या फलकावर मोठ्या अक्षरात तिचं स्वतःचं नाव आणि आडनाव असू द्या. खाली लिहा: अभिनेत्री, अंबरनाथ.